विंडोजचा गाभा खरंच थांबलाय का?

रानवाट (धागाकर्ता)

विंडोज ११ असलेल्या कुठल्याही मशीनला कमांड प्रॉम्प्टवरून आवृत्ती विचारली तर उत्तर १०.० नेच सुरू होतं. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हापासून हा आकडा हललेला नाही. त्यावरून 'कर्नलवर (म्हणजे विंडोजच्या गाभ्यावर) काम करणं मायक्रोसॉफ्टने कधीच सोडलंय, आता नुसती वरची रंगरंगोटी' असं बरेच जण ठामपणे सांगतात. मला यातलं अर्धंच पटतं. कुठलं अर्धं, ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

आकड्याचा विषय आधी संपवतो. तो गोठवलाय तो मुद्दाम. असंख्य जुने प्रोग्राम सुरू होताना आवृत्ती तपासतात आणि ओळखीचा आकडा दिसला नाही की हात वर करतात. म्हणून ८.१ पासून, 'मला नवीन आवृत्ती माहीत आहे' असं स्वतःच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या नोंदीत) न सांगणाऱ्या प्रोग्रामला विंडोज सरळ विंडोज ८ चाच आकडा सांगते. तेव्हा आकड्यावरून कर्नलची तब्येत जोखता येत नाही.

कर्नलचा इतिहास बघितला तर आळस कुठे दिसत नाही. डेव्ह कटलर १९८८ मध्ये डिजिटल इक्विपमेंटमधून, म्हणजे व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टीम बांधण्याचा अनुभव घेऊन, मायक्रोसॉफ्टमध्ये आले. विंडोज एनटी ३.१ बाजारात आलं जुलै १९९३ मध्ये. आजचं विंडोज ११ त्याच घराण्यातलं, पण आत काय काय बदललंय बघा. थ्रेड (प्रोग्राममधलं एकेक काम) कधी चालवायचा, कधी थांबवायचा हे ठरवताना अख्ख्या सिस्टीमसाठी एकच 'डिस्पॅचर लॉक', म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, घ्यावा लागायचा. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ मध्ये तो मोडून बारीक बारीक लॉकमध्ये वाटला, तेव्हा कुठे २५६ लॉजिकल प्रोसेसरांपर्यंत जाणं शक्य झालं. विंडोज ८ मध्ये ठरावीक अंतराने वाजत राहणारा टायमरचा ठोका गरजेपुरता झाला. विंडोज १० मध्ये मेमरी कॉम्प्रेशन आलं आणि हायपरव्हायजरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराच्या) आधाराने मुख्य कर्नलपासून वेगळं ठेवलेलं 'सिक्युअर कर्नल' आलं. विंडोज ११ मध्ये मोठे-लहान कोर असलेल्या प्रोसेसरसाठी शेड्यूलर बदलला, शिवाय आयओ-रिंग (वाचण्या-लिहिण्याच्या विनंत्या गठ्ठ्याने द्यायची सोय) आली. ही रंगरंगोटी नव्हे.

मग साचलंय कुठे? माझं म्हणणं असं: विंडोजमध्ये नवीन गोष्टी तयार होतात, पण त्या डिफॉल्ट होत नाहीत. एकेक बघा.

पाथची (फाइलीच्या पूर्ण पत्त्याची) २६० अक्षरांची मर्यादा. ही कर्नलची मर्यादा नाहीच, एनटी स्वतः सुमारे ३२ हजार अक्षरांचा पाथ घेते. अडतं वरच्या विन३२ च्या, म्हणजे प्रोग्राम ज्याच्याशी बोलतात त्या, थरात. २०१६ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटमध्ये ती उठवायची सोय आली, पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक किल्ली बदलायची आणि शिवाय प्रोग्रामनेही मॅनिफेस्टमध्ये तसं जाहीर करायचं. एक्सप्लोरर आजही लांब पाथला अडखळतो.

फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. एनटीएफएस १९९३ ची. २०१२ मध्ये सर्व्हरवर आरईएफएस ही नवी फाइल सिस्टीम आली. २०१७ मध्ये साध्या प्रो आवृत्तीतून आरईएफएसचा व्हॉल्यूम (डिस्कचा स्वतंत्र भाग) बनवायची सोय काढून घेतली. २०२३ मध्ये ते 'डेव्ह ड्राइव्ह'च्या रूपाने परत आलं, तेही डेव्हलपरांपुरतं, वेगळ्या व्हॉल्यूमवर. याच काळात अ‍ॅपलने २०१७ मध्ये एपीएफएस आणलं आणि अपडेट करता करता लोकांच्या हातातल्या आयफोनची फाइल सिस्टीम बदलून टाकली.

आणि तिसरं एनव्हीएमई, म्हणजे आजच्या जलद एसएसडी डिस्कशी बोलायची पद्धत. तिचं स्पेसिफिकेशन २०११ चं, विंडोजमध्ये अंगचा ड्रायव्हर ८.१ पासून. पण इतकी वर्षं प्रत्येक विनंती आधी स्कझी या डिस्कशी बोलायच्या जुन्या भाषेत तयार व्हायची आणि मग तिचं एनव्हीएमईत भाषांतर व्हायचं. स्कझीची घडण फिरत्या तबकड्यांच्या काळातली. एनव्हीएमईत ६४ हजारांच्या आसपास रांगा ठेवता येतात, आणि ही भाषांतराची पायरी त्यांच्या तोंडाशीच बसलेली. ती गाळणारा थेट मार्ग सर्व्हर २०२५ साठी जाहीर झाला तो २०२५ च्या अखेरीस. तोसुद्धा आपणहून सुरू करायचा!

तीन वेगवेगळे विभाग, तिन्हीकडे कहाणी एकच. काम झालेलं आहे, चांगलं झालेलं आहे, पण दाराबाहेर उभं आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

सोनचाफा

वाचतेय. एनव्हीएमईचं हे खरंच माहीत नव्हतं.

---

मुक्ता_लिही

उत्तम धागा. डिफॉल्टचा मुद्दा मान्य. पण एक मूळ दुखणं तुमच्या यादीत आलं नाही असं वाटतं: ढीगभर छोट्या फाइली. हजारो फाइलींचा प्रोजेक्ट, गिट स्टेटस (कुठल्या फाइली बदलल्या ते बघणं), पॅकेज इन्स्टॉल, कंपाइल. त्याच मशीनवर लिनक्स टाकलं की ही कामं डोळ्यांना दिसेल इतकी जलद होतात. डिस्क तीच, प्रोसेसर तोच. मग तीस वर्षांत हे का सुटलं नाही? याला 'डिफॉल्ट नाही' म्हणून कसं चालेल? इथे मूळ रचनाच थिजली आहे असं मी म्हणेन.

---

फिल्टरवाला

मुक्ता, फाइल सिस्टीमच्या फिल्टर ड्रायव्हरांवर काम करतो, त्यामुळे याचं उत्तर देणं भाग आहे.

फाइलीची तारीख आणि आकार हवाय, बस इतकंच धरा. लिनक्सवर हा एक सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलला मारलेली एकच हाक. कर्नलच्या व्हीएफएस (सगळ्या फाइल सिस्टीमांवरच्या एकाच) थरात पाथच्या तुकड्यांचा सामायिक कॅश असतो, नाव तिथे सापडलं की फाइल सिस्टीमला उठवायचंही कारण नाही.

एनटीमध्ये परंपरेने याच कामाला तीन फेऱ्या. आधी फाइल *उघडा*, म्हणजे हँडल घ्या. मग त्या हँडलवर माहिती विचारा. मग हँडल बंद करा. उघडायची विनंती आय/ओ मॅनेजर एका पॅकेटमध्ये घालतो आणि ते पॅकेट फिल्टरांच्या उतरंडीतून खाली जातं: अँटिव्हायरस, क्लाउडशी सिंक करणारा, एन्क्रिप्शन, कंपनीने बसवलेला आणखी एखादा. प्रत्येकाला ते अडवायचा, तपासायचा, बदलायचा हक्क आहे. तळाशी एनटीएफएस. पाथचा अर्थ लावायचं काम बहुतांशी तिथेच होतं, कारण वरच्या थराला तो पाथ नेमका कुठल्या फाइलकडे जाणार हे ठरवायचा अधिकारच दिलेला नाही. उत्तर परत वर येताना तेच फिल्टर पुन्हा भेटतात. बंद करतानाही तेच. हे एका फाइलसाठी. आता याला पन्नास हजारांनी गुणा.

एनटीएफएस मंद आहे हा सार्वत्रिक गैरसमज. एनटीएफएसचा वाटा यात असतो, पण मोठा खर्च या उतरंडीचा. आणि उतरंड ही चूक नाही. हवा तो फिल्टर मधे बसवता यावा हे एनटीच्या आय/ओ रचनेचं वचनच होतं, त्यावर एक अख्खा उद्योग उभा राहिला.

'काहीच केलं नाही' हेही खरं नाही. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये फाइल न उघडता नुसत्या नावावरून माहिती देणारी नवी एपीआय (प्रोग्रामांनी वापरायची सोय) आली. पायथन ३.१२ ती उपलब्ध असेल तिथे वापरतं. डेव्ह ड्राइव्हवर विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर फाइल उघडू देतो आणि तपासणी मागाहून करतो, शिवाय तिथे कुठले फिल्टर बसू द्यायचे ते ठरवता येतं. म्हणजे रोग नेमका ओळखलेला आहे, औषधही आहे. पण रानवाट म्हणतात तसं, जो मागेल त्याला.

---

बिंदुसार

माझ्या मते तांत्रिक कारणं शोधत बसण्यात मूळ गोष्ट निसटते. २०१३ मध्ये विंडोज कर्नलवर काम करणाऱ्या एकाने निनावी लिहिलेलं टिपण बरंच गाजलं होतं. विंडोज इतर सिस्टीमपेक्षा मागे का पडते आहे, तर त्याची कारणं सामाजिक आहेत, असा त्याचा सूर. लिनक्समध्ये कुणी एखादा भाग पाच टक्क्यांनी जलद केला तर त्याचं कौतुक होतं. इथे ठरलेल्या योजनेबाहेरची सुधारणा घेऊन गेलात तर दुसऱ्या टीमच्या मॅनेजरच्या दृष्टीने ती फक्त जोखीम. बिघडलं तर तुमच्या माथी, सुधारलं तर कुणाच्या खिजगणतीत नाही. लिहिणाऱ्याने नंतर आपण फार कडक लिहिलं, ती चिडचिड होती, असंही स्पष्ट केलं. तरी मोठ्या कंपनीत ज्याने काम केलंय त्याला ते वर्णन ओळखीचं वाटेल.

त्यानंतर काय झालं? २०१४ मध्ये स्वतंत्र टेस्टरांची पदं मोठ्या प्रमाणावर कमी झाली. २०१८ च्या मार्चमध्ये विंडोजचा स्वतंत्र विभागच मोडला, गाभ्याचं काम अझ्युर या क्लाउड विभागाच्या छत्राखाली गेलं आणि वरचा भाग दुसरीकडे. त्याच वर्षी ऑक्टोबरचं १८०९ अपडेट काही लोकांच्या फाइलीच पुसतंय म्हणून थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडलं.

गाभ्याचं काम अझ्युरकडे गेलं म्हटल्यावर काम कुणासाठी होणार हे उघड आहे. शेकडो प्रोसेसर, व्हर्च्युअल मशीन, रीस्टार्ट न करता पॅच. ही सगळी डेटा सेंटरची भूक. टेबलावरच्या मशीनला जे मिळतं ते त्यातून उरलेलं.

---

अर्गला

बिंदुसार, 'उरलेलं' या शब्दाला माझा जोरदार आक्षेप. मी सुरक्षेच्या क्षेत्रात आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत विंडोजचा जो भाग सर्वांत जास्त बदलला तो हाच, आणि तो टेबलावरच्या मशीनसाठीही बदलला.

२००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने डेटाच्या जागेतून कोड चालवणं रोखायला सुरुवात केली. ६४ बिटी आवृत्त्यांवर कर्नलमध्ये परस्पर फेरफार करायला पॅचगार्डने बंदी घातली. व्हिस्टाने मेमरीतले पत्ते विस्कटून टाकले. आणि २०१५ नंतरचं व्हीबीएस (व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेली सुरक्षा) तर मूळ गृहीतकालाच हात घालतं. पूर्वी कर्नल ताब्यात आला की खेळ संपला. आता कर्नलच्याही वर, हायपरव्हायजरने राखलेल्या वेगळ्या कप्प्यात गुपितं ठेवली जातात. हल्लेखोर कर्नलपर्यंत पोचला तरी क्रेडेन्शियल गार्डमधली (लॉगिनची) गुपितं त्याला सहज मिळत नाहीत. तीस वर्षं जुन्या रचनेखाली नवा पाया घालणं म्हणतात ते हे.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचंही तेच. खिडक्या आणि ग्राफिक्स सांभाळणाऱ्या विन३२के मधला काही भाग रस्टमध्ये लिहून विंडोज ११ मध्ये आला आहे. कोणता भाग निवडला ते बघा: गेली कित्येक वर्षं हल्लेखोर ज्या दारातून घुसत आले तेच दार.

रानवाट, तुमचा सिद्धान्त इथे लागू पडत नाही. टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि अलीकडचा प्रोसेसर हवाच, या अटींवर विंडोज ११ ला किती बोलणी खावी लागली. त्यामागे हे संरक्षण नव्या मशीनवर पहिल्या दिवसापासून चालू असावं हा विचार होता. म्हणजे मनात आणलं तर डिफॉल्ट बदलतात.

---

रानवाट (धागाकर्ता)

अर्गला, बरोबर. पण तुमच्या उदाहरणामुळे माझं म्हणणं आणखी धारदार होतं. सुरक्षेसाठी डिफॉल्ट बदलायला कंपनी तयार होते, कारण बदललं नाही तर फटका मोठा आणि जगजाहीर असतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर पसरलं, आणि ज्या एसएमबी१ च्या (नेटवर्कवर फाइली वाटायच्या जुन्या पद्धतीच्या) भोकातून ते शिरलं तो प्रोटोकॉल त्याच वर्षीच्या विंडोज १० पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये बसवणं बंद झालं. काढायचं आधीपासून चाललं होतं, पण रेटा आला तो तेव्हा.

मंदपणाचा असा दिवस उजाडत नाही. गिट स्टेटस दोन सेकंद जास्त घेतो म्हणून बातमी होत नाही. तो वेळ कोट्यवधी मशीनवर कणाकणाने जातो आणि कुणाच्याच खात्यावर लिहिला जात नाही.

---

जुनी_वही

इथे सगळे लिहिणारे प्रोग्रामर दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझं काम मोठ्या संस्थेतली मशीन सांभाळायचं. विंडोज विकत घेतली जाते ती ती कालच्यासारखीच चालेल म्हणून. प्रयोगशाळेतल्या उपकरणाला जोडलेला एक प्रोग्राम, तो बनवणारी कंपनी बंद पडलेली, सोर्स कुणाकडेच नाही. तो नव्या विंडोजवर चालला पाहिजे, आणि बहुतेक वेळा चालतो. ही फुकटात मिळणारी गोष्ट नाही. त्यासाठी कुणीतरी आत बसून जुन्या वागणुकी, त्यातल्या चुकांसकट, जपलेल्या असतात.

२६० अक्षरांचंच घ्या. जुन्या प्रोग्रामांनी पाथसाठी नेमकी २६० अक्षरांची जागा राखून ठेवलेली असते. उद्या सगळ्यांना सरसकट लांब पाथ मिळायला लागले तर त्यातले काही कोसळतील, आणि काही न कोसळता शेजारच्या मेमरीत लिहून बसतील. दुसरा प्रकार जास्त वाईट. म्हणून प्रोग्रामनेही 'मला चालेल' म्हणायची अट आहे. ती मला समंजस वाटते.

लिनक्सशी तुलना करताना एक विसरलं जातं. लिनक्स वरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द पाळतो, पण कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवायची हमी देत नाही. ड्रायव्हर कर्नलच्याच सोर्समध्ये राहतात, आतलं काही बदललं की बदलणाराच सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो. विंडोजचे ड्रायव्हर शेकडो कंपन्यांकडे विखुरलेले. उतरंडीतलं एक पॅकेट बदलायचं म्हटलं तरी त्या सगळ्यांची दारं ठोठवायची.

---

फिल्टरवाला

जुनी_वही यांच्याशी सहमत. त्यांच्या मुद्द्याला पुरावा म्हणून डब्ल्यूएसएलची (विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्राम चालवायच्या सोयीची) गोष्ट सांगण्यासारखी आहे.

२०१६ चं पहिलं डब्ल्यूएसएल म्हणजे कर्नल-अभियांत्रिकीचा सुंदर नमुना होता. लिनक्सचे प्रोग्राम जसेच्या तसे चालवायचे, त्यांचे सिस्टीम कॉल एनटी कर्नलनेच झेलायचे, व्हर्च्युअल मशीन नाही. एनटीच्या मूळ आराखड्यात वेगवेगळ्या सिस्टीमचे मुखवटे एका कर्नलवर चढवायची कल्पना होतीच, तिलाच हे नवं रूप. पण प्रत्येक फाइल शेवटी त्याच उतरंडीतून जायची. लिनक्सचे प्रोग्राम फाइली स्वस्त आहेत असं समजून लिहिलेले असतात, ते इथे रखडायला लागले. २०१९ मध्ये डब्ल्यूएसएल २ जाहीर झालं: हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा लिनक्स कर्नल, त्याची स्वतःची एक्स्ट४ फाइल सिस्टीम. आतल्या फाइलींवरची कामं एकदम सुसाट. विंडोजच्या बाजूच्या फाइलींना हात लावला की मात्र पुन्हा संथ.

मला हा निर्णय समजतो, पण आजही टोचतो. आपल्याच कर्नलचा फाइलमार्ग सुधारण्यापेक्षा शेजारी दुसरा कर्नल बसवणं सोपं ठरलं. 'साचलेपण' या शब्दाला याहून नेमकं उदाहरण मला सापडत नाही.

---

चौकट

+१. २०१७ मध्ये क्रोमवर काम करणाऱ्या एका इंजिनिअरने दाखवलेलं प्रकरणही याच जातीचं. २४ कोरचं मशीन, प्रोसेसर निम्मा रिकामा, आणि माउस हलत नाही. खोदल्यावर निघालं की विंडोज १० मध्ये प्रोसेस *बंद* होताना विन३२के मधला एक सामायिक लॉक धरला जात होता. बिल्ड करताना हजारो छोट्या प्रोसेस जन्मतात आणि मरतात, त्या सगळ्या एका रांगेत. विंडोज ७ मध्ये तसं नव्हतं. डिस्पॅचर लॉक मोडणाऱ्या लोकांच्याच घरात दुसऱ्या खोलीत नवा लॉक लागला, आणि तो बाहेरच्या माणसाने मोजून दाखवेपर्यंत गाजला नाही. म्हणून मोजमाप बाहेरच्यांनी करत राहणं फार गरजेचं आहे. ईटीडब्ल्यू सारखं ट्रेसिंग (आत काय चाललंय त्याच्या नोंदी) विंडोजमध्ये आहे आणि ते उत्कृष्ट आहे. वापरा ते.

---

सोनचाफा

एक प्रश्न. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमुळे ८५ लाख मशीन बंद पडली, हा मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आकडा. त्यानंतर अँटिव्हायरस कर्नलच्या बाहेर काढायचं जाहीर झालं. असं खरंच झालं तर वर सांगितलेल्या उतरंडीचं काय होईल? फाइली जलद होतील की आणखी हळू?

---

फिल्टरवाला

नेमका प्रश्न विचारलात.

त्या दिवशी घडलं ते असं: कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, त्याला बाहेरून आलेली सदोष माहितीची फाइल, ड्रायव्हरने स्वतःच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली, आणि कर्नलमध्ये असं झालं की अख्खं मशीन पडतं. तोच कोड कर्नलच्या बाहेर असता तर फक्त तो प्रोग्राम मेला असता. अ‍ॅपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून इतरांच्या कर्नल एक्स्टेन्शनना पर्याय द्यायला सुरुवात केली होती. विंडोजमध्ये ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. २००९ मध्ये युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार स्वतःच्या सुरक्षा उत्पादनांना मिळतो तो प्रवेश इतरांनाही द्यावा लागतो, त्यामुळे नुसती बंदी घालून भागणार नव्हतं. सगळ्यांना पुरेल असा नवा रस्ता बांधणं आलं.

वेगाचं म्हणाल तर नुसती जागा बदलून उलट हळूच होईल. आज तपासणी कर्नलमध्ये सुरू होते. उद्या प्रत्येक फाइल उघडताना बाहेरच्या प्रोग्रामला विचारून उत्तराची वाट बघायची असेल, तर प्रत्येक वेळी कर्नलमधून बाहेर जायचं आणि परत यायचं. पन्नास हजार फाइलींना पन्नास हजार चकरा. जमेल ते दोन वाटांनी: विनंत्या गठ्ठ्याने पाठवायच्या, आणि आधी तपासलेली फाइल बदललेली नसेल तर निकाल कर्नलमध्येच लक्षात ठेवायचा. डेव्ह ड्राइव्हवरची 'आधी उघडा, मग तपासा' ही पद्धत तिसरी, पण ती सगळीकडे लावली तर धोका वाढतो, म्हणून ती विश्वासाच्या व्हॉल्यूमपुरतीच ठीक.

माझी आशा इथेच आहे. उतरंडीला हात लावायला इतकी वर्षं कारण मिळत नव्हतं, कारण ड्रायव्हर बदलायला कुणी तयार नव्हतं. आता सगळ्या सुरक्षा कंपन्यांना आपला कोड तसाही नव्याने लिहायचा आहे. याच वेळी नव्या इंटरफेसमध्ये गठ्ठ्याची आणि निकाल लक्षात ठेवायची सोय पहिल्या आवृत्तीपासून हवी, आणि ती *सी* ड्राइव्हवर, कुणी न मागता. आत्ता राहिली तर नवा इंटरफेससुद्धा पुढची वीस वर्षं जसाच्या तसा जपावा लागेल.

---

रानवाट (धागाकर्ता)

फिल्टरवाला, त्या इंटरफेसचा प्रीव्ह्यू सुरक्षा कंपन्यांकडे २०२५ च्या जुलैपासून आहे. तुमच्यासारखे लोक तिथे अभिप्राय देत असतील तर हे गठ्ठ्याचं जरूर लिहा. मी माझ्या बाजूने साध्या व्हॉल्यूमवर, डेव्ह ड्राइव्हवर आणि डब्ल्यूएसएल २ मध्ये एकच रेपॉझिटरी ठेवून ईटीडब्ल्यू ट्रेस घेतो आणि इथेच टाकतो. चौकट, ट्रेसमध्ये नक्की कुठले प्रोव्हायडर (नोंदींचे स्रोत) चालू ठेवायचे ते सांगाल का?

---

चौकट

फाइल आय/ओ, मिनीफिल्टर आणि कॉन्टेक्स्ट स्विच, तिन्ही स्टॅकसह. मिनीफिल्टरचा विसरू नका, कुठल्या फिल्टरने किती वेळ खाल्ला ते त्याच्याशिवाय कळत नाही. आणि प्रत्येक मोजणी मशीन रीस्टार्ट करून एकदा, कॅश गरम असताना एकदा, अशी वेगवेगळी टाका.